चढू लागलेल्या मुलाला आधी उतरायला शिकवावे

मूल पहिल्यांदा सोफ्यावर चढते तेव्हा घरातील मोठी माणसे सहसा दोनांपैकी एक गोष्ट करतात. एक तर धावत जाऊन, रागावून त्याला खाली उतरवतात, किंवा कौतुकाने हात धरून आणखी वर चढवतात. दोन्ही वेळा खाली कसे यायचे हे मुलाला कळत नाही. मग अर्ध्या तासाने, कोणाचे लक्ष नसताना, ते पुन्हा त्याच जागी चढलेले असते. एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी क्रम असा असावा: आधी घर सुरक्षित करणे, मग उतरायला शिकवणे आणि शेवटी चढू देणे. बहुतेक पालक तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करतात आणि घराकडे पहिल्या पडझडीनंतर वळतात. ही चूक वारंवार होत असल्याने येथे प्रत्येक टप्पा सविस्तर दिला आहे.

सुरुवातीला दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. बरीच मुले वर्षाची होण्याच्या सुमारास, कधीकधी चालू लागण्याच्याही आधी, पायऱ्या रांगत चढतात. मात्र उतरणे त्यांना त्यानंतर काही महिन्यांनी जमते. चढताना हात आणि पाय कोठे ठेवायचा हे डोळ्यांना दिसते, तर उतरताना पाय न दिसणाऱ्या जागी टाकावा लागतो. दुसरी गोष्ट शरीराच्या घडणीची आहे. जन्माच्या वेळी डोके शरीराच्या एकूण लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते आणि दोन वर्षांच्या वयातही ते सुमारे एक पंचमांश असते. म्हणून तोल गेला की लहान मूल बहुधा डोक्याकडून पडते.

## टप्पा १: मुलाच्या उंचीवरून घर पाहणे

प्रत्येक खोलीत जमिनीवर बसावे आणि मुलाची नजर जेथवर जाते तेथून सगळीकडे पाहावे. उभे राहून पाहिले तर हे काम होत नाही. बसल्यावर स्वतःला दोन प्रश्न विचारावेत: चढण्यासाठी पहिली पायरी कोणती, आणि वर असे काय आहे ज्यासाठी मूल चढेल?

पहिली पायरी बहुधा अगदी साधी असते, म्हणजे टीपॉय, उशी, खेळण्यांची पेटी किंवा कोपऱ्यात उलटी ठेवलेली बादली. खुर्ची, खुर्चीवरून टेबल आणि टेबलावरून खिडकी अशी साखळी मोठ्यांना दिसत नाही, मुलाला मात्र लगेच दिसते. ही साखळी पहिल्याच कडीपाशी तोडावी. आमिष काढणे त्याहूनही सोपे आहे. रिमोट, मोबाईल आणि आवडते खेळणे कपाटाच्या डोक्यावर ठेवण्याची सवय जवळपास प्रत्येक घरात असते, आणि वस्तू मुलापासून दूर राहावी म्हणून ठेवलेली तीच जागा मुलाला चढायला बोलावते. हव्याहव्याशा वस्तू बंद खणात, मुलाला दिसणार नाहीत अशा ठेवाव्यात.

गरम पेय, इस्त्री किंवा गरम भांडे टेबलाच्या कडेला असू नये. टेबलावर लोंबणारे कापडही नसावे, कारण वर चढण्यासाठी मूल तेच धरून ओढते.

तपासणी: खोलीतील हलवता येणारी प्रत्येक वस्तू मुलाने ढकलून दुसरीकडे नेली तर तेथून ते कोठवर पोहोचेल, हे एकदा प्रत्यक्ष वस्तू सरकवून पाहावे. हलक्या खुर्च्या वापरून झाल्यावर टेबलाखाली पूर्ण आत सरकवाव्यात किंवा आडव्या करून ठेवाव्यात.

## टप्पा २: कपाटे आणि टीव्ही भिंतीला बांधणे

हा टप्पा सर्वांत जास्त टाळला जातो. कपाट इतके जड असते की ते पडेल असे कोणालाच वाटत नाही. माझी मुलगी दीड वर्षाची असताना एका दुपारी मी खोलीत गेले, तर तिने कपड्यांच्या कपाटाचे खालचे तीन खण एकेक करून थोडे थोडे बाहेर ओढले होते: सर्वांत खालचा जास्त, त्यावरचा थोडा कमी आणि तिसरा त्याहून कमी. तो सरळसरळ जिना होता, आणि तिचा एक पाय पहिल्या खणाच्या कडेवर पोहोचला होता. कपाटाचे मागचे पाय जमिनीपासून बोटभर उचलले गेले होते. ते मला दिसले आणि मी पुढे झाले, म्हणून निभावले. त्या दिवसापर्यंत ते कपाट भिंतीला बांधलेले नव्हते.

हे का घडते ते समजून घ्यावे. खण बंद असताना कपाटाचा भार चारही पायांच्या मधोमध पडतो. खण उघडले की भार पुढे सरकतो आणि त्यात दहा-बारा किलोचे मूल पुढच्या कडेला लोंबकळले की पुढचे पाय टेकू बनतात. मग मूल खाली आणि कपाट त्याच्या अंगावर, अशा क्रमाने सगळे कोसळते.

बांधण्याची पद्धत अशी:

१. जड सामान खालच्या खणात हलवावे आणि वरचे हलके ठेवावे.

२. कपाटाच्या वरच्या भागात, दोन्ही टोकांजवळ, एकेक लोखंडी अँगल किंवा मजबूत पट्टा लावावा. स्क्रू कपाटाच्या मुख्य चौकटीत किंवा जाड फळीत जायला हवा. मागच्या पातळ पत्र्यात किंवा प्लायच्या तुकड्यात मारलेला स्क्रू ओढ बसताच उपटून येतो.

३. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत ड्रिलने भोक पाडून त्यात प्लॅस्टिकचा प्लग बसवावा आणि मगच स्क्रू घट्ट करावा. केवळ गिलाव्यात बसलेला प्लग भरवशाचा नसतो, तो आतल्या विटेत जायला हवा. भिंत पोकळ पार्टिशनची असेल तर स्क्रू पार्टिशनच्या आतल्या उभ्या आधारातच मारावा.

४. भिंतीच्या तळाशी असलेल्या पट्टीमुळे कपाट भिंतीपासून थोडे पुढे उभे असेल तर ती फट लाकडी तुकड्याने भरून मग अँगल लावावा, नाहीतर कपाटाला डोलायला जागा मिळते.

५. टीव्ही शक्यतो भिंतीवरच बसवावा. टेबलावर ठेवायचा असेल तर टेबल बुटके आणि रुंद असावे, आणि टीव्ही पट्ट्याने मागे बांधावा.

६. खणांना कुलूप किंवा अटकाव लावावा. मात्र केवळ अटकाव लावून बांधण्याचे काम टाळू नये.

तपासणी: कपाटाची वरची कड धरून पुढे ओढावी, ते जागचे हलता कामा नये. त्यानंतर सर्व खण उघडून खालच्या खणावर हाताने जोर द्यावा. रंगकाम, स्थलांतर किंवा खोलीची फिरवाफिरव झाली की हे सगळे पुन्हा तपासावे.

भिंतीला भोक पाडायची परवानगी नसेल, तर ते कपाट मुलाचा वावर असलेल्या खोलीत ठेवू नये. उंच कपाट न बांधता वापरणे मला कोणत्याही कारणाने मान्य होत नाही.

## टप्पा ३: खिडक्या, गॅलरी आणि जिना

खिडकीची डासांची जाळी मुलाला अडवत नाही. ती डासांसाठी बनवलेली असते आणि मूल रेलले की चौकटीसकट निघते. खिडकी १० सेंटीमीटरपेक्षा जास्त उघडणार नाही असा अडथळा बसवावा किंवा आतून गज लावावेत. आग लागली तर मोठ्यांना तो अडथळा आतून पटकन काढता आला पाहिजे. पलंग, सोफा आणि टेबल खिडकीखालून हलवावेत. पडद्यांच्या दोऱ्यांचे फास कापून टाकावेत किंवा दोऱ्या उंच गुंडाळून ठेवाव्यात, कारण वर चढलेल्या मुलाच्या गळ्यात तो फास सहज अडकतो.

गॅलरीच्या कठड्याला आडवे गज असतील तर ती मुलासाठी शिडीच असते. अशा कठड्याला आतून पायाला पकड न मिळणारे गुळगुळीत, पक्के आच्छादन लावावे. उभ्या गजांमधील अंतरही १० सेंटीमीटरपेक्षा कमी असावे. कुंड्या, स्टूल आणि कपडे वाळवण्याचा स्टँड कठड्यापासून दूर ठेवावा. आणि एवढे सगळे केल्यावरही गॅलरीत मुलाला एकटे सोडू नये.

जिन्याच्या वरच्या टोकाला लावायचे फाटक भिंतीत स्क्रूने पक्के केलेलेच असावे. नुसते दाबून बसवायचे फाटक ढकलल्यावर सरकू शकते, आणि वरच्या टोकाला त्याचा अर्थ मुलाने संपूर्ण जिन्यावरून कोसळणे असा होतो. ते फार तर जिन्याच्या तळाशी किंवा दारात चालेल. वरचे फाटक जिन्याच्या दिशेने उघडणारे नसावे.

सावधान: मोठ्यांनी फाटक ओलांडून जाऊ नये. मुलाला कडेवर घेऊन ओलांडताना दोघेही पडतात, शिवाय फाटकावरून जाता येते हे मूल पाहून ठेवते.

कठड्याच्या छोट्या पलंगात झोपणाऱ्या मुलासाठी मापे ठरलेली आहेत. मूल उभे राहू लागले की गादी सर्वांत खालच्या पातळीवर आणावी आणि आतली मोठी खेळणी व उशा काढाव्यात. उंची सुमारे ८९ सेंटीमीटर झाली, किंवा उभ्या मुलाच्या छातीपर्यंतच कठडा येऊ लागला, की तो पलंग बंद करून मुलाला बुटक्या पलंगावर किंवा जमिनीवरच्या गादीवर झोपवावे.

## टप्पा ४: सरावाची जागा तयार करणे

घर आवरल्यावरच सराव सुरू करावा. त्यासाठी मुलाच्या कमरेपेक्षा उंच नसलेली, हलणार नाही अशी एखादी वस्तू निवडावी. बुटका सोफा किंवा भिंतीला टेकवलेला बुटका पलंग त्यासाठी पुरतो. भोवती निदान एक मीटर जागा मोकळी असावी, टोकदार कोपरे दूर असावेत आणि खाली घट्ट चटई असावी. येथे एक चूक वारंवार होते: पडल्यावर लागू नये म्हणून जाड, मऊ गादी घातली जाते. तीत पाय रुततो, घोटा मुरगळतो, आणि जमीन नक्की कोठे आहे हे मुलाच्या पायाला कळत नाही.

मूल अनवाणी असावे. मोजे काढावेत. पायघोळ विजार दुमडावी. गळ्यातील माळ आणि टोपीच्या किंवा कपड्याच्या दोऱ्या काढाव्यात. तोंडात खाऊ, ब्रश किंवा चमचा असता कामा नये, कारण तोंडात काही धरून पडलेल्या मुलाच्या टाळूला खोल जखम होऊ शकते. मूल झोपेला आलेले असेल तर त्या दिवशी सराव नको. आणि सराव घेणाऱ्याचा फोन दुसऱ्या खोलीत असावा.

## टप्पा ५: उतरायला शिकवणे

मुलाला सोफ्यावर बसवून सुरुवात करावी. या लेखात मुलाला मोठ्यांनी वर ठेवण्याची परवानगी फक्त येथेच आहे.

१. सोफ्यासमोर जमिनीवर गुडघे टेकून बसावे आणि मुलाच्या डोळ्यांकडे पाहून बोलावे.

२. "वळ" म्हणावे आणि कंबर धरून मुलाला हळूच फिरवावे, म्हणजे त्याची पाठ बाहेरच्या बाजूला येईल. हात किंवा खांदा ओढून फिरवू नये.

३. "पोटावर झोप" म्हणून त्याला सोफ्याच्या काठावर उपडे करावे. छाती आणि पोट सोफ्यावर राहील आणि पाय कडेबाहेर येतील, इतके मागे सरकवावे.

४. "पाय खाली" म्हणून तळव्याला बोटाने स्पर्श करावा आणि थांबावे. पाय धरून जमिनीवर टेकवून देऊ नये.

येथे खरी घाई होते. कडेवर पोट टेकलेल्या मुलाचा पाय हवेत काही क्षण चाचपडतो. अंगठा वाकतो, पुन्हा सरळ होतो, चवडा सोफ्याच्या कापडावरून घासत खाली येतो. मूल मान वळवून आपल्याकडे पाहते. मग अंगठ्याचे टोक चटईला लागते आणि पूर्ण पाय हळूहळू टेकतो. जमीन येथे आहे हे मुलाला त्याच चाचपडण्यातून समजते. आपण पाय धरून टेकवला, तर मूल उतरते खरे, पण त्या उतरण्यात त्याचे स्वतःचे काहीच नसते. त्याला आधार हवा असेल तर तळवा कमरेमागे धरावा, पण भार घेऊ नये.

५. दोन्ही पाय टेकल्यावर "टेकले" एवढेच म्हणावे. मोठ्याने टाळ्या वाजवल्या की मूल दचकून हात सोडते.

शब्द दरवेळी तेच वापरावेत, आणि घरातील प्रत्येकाने तेच वापरावेत. आजी "मागे फिर" म्हणते आणि वडील "उलटा हो" म्हणतात, अशाने मुलाचा गोंधळ होतो. एका वेळी तीन-चार फेऱ्या पुरेशा आहेत, आणि हा सराव दिवसातून दोन-तीन वेळा घेता येतो. काही मुले बसून पुढे घसरत उतरू पाहतात. अगदी बुटक्या जागी ते चालते, परंतु उंच पलंगावरही मूल तसेच करील, म्हणून प्रत्येक वेळी शांतपणे वळवून घ्यावे.

तपासणी: आपला हात न लागता मूल सलग पाच वेळा वळून, पाय आधी टाकून उतरले, आणि तेच त्याने दुसऱ्या एखाद्या वस्तूवरूनही करून दाखवले, की पुढे जावे. एकाच सोफ्यावर जमणे म्हणजे उतरता येणे नव्हे.

## टप्पा ६: चढू देणे

नियम एकच आहे: मूल स्वतःच्या बळावर जेथवर पोहोचते तेथवरच त्याने जावे. त्याला उचलून शिडीच्या मधल्या पायरीवर ठेवले की खालच्या पायऱ्यांची ओळख नसलेल्या उंचीवर ते एकटे उभे असते.

मोठ्यांनी मुलाच्या मागे, किंचित बाजूला उभे राहावे. तळवे उघडे ठेवून मुलाच्या कमरेपासून वीतभर अंतरावर धरावेत, पण स्पर्श करू नये. हात वर धरून चढवणे पूर्णपणे बंद करावे. त्यामुळे मूल स्वतःचा तोल सांभाळायला शिकत नाही, आणि घसरल्यावर त्याचा सगळा भार एका हातावर येतो. या वयात मनगट धरून झटक्याने ओढले की कोपराजवळचे हाड जागचे सरकते. मूल मग तो हात लुळा ठेवते आणि हलवू देत नाही. असे झाल्यास हात स्वतः ओढून बसवण्याचा प्रयत्न करू नये, डॉक्टरांकडे न्यावे.

मुलाला दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन टेकलेले आणि एकच हलता, अशी सवय लागावी. ती समजावून लागत नाही, म्हणून त्या क्षणी बोलावे: "हा हात इथे धर", "पाय इथे ठेव". "अरे, पडशील!" या ओरडण्यातून काय करायचे ते मुलाला कळत नाही. ते फक्त मागे वळून पाहते, आणि मागे वळणे हाच त्या वेळचा सर्वांत धोक्याचा क्षण असतो.

मूल अडकून रडू लागले तर लगेच उचलू नये. जवळ जावे, पाठीवर तळवा ठेवावा आणि "पाय खाली" म्हणून ओळखीची उतरण आठवून द्यावी. मात्र हाताची पकड सुटते आहे, पाय थरथरतो आहे किंवा वस्तू हलते आहे असे दिसले, तर न बोलता दोन्ही हातांनी छातीभोवती धरून उचलावे.

## टप्पा ७: जिन्यावर

जिन्यावर मोठ्या माणसाची जागा नेहमी मुलाच्या खालच्या बाजूला असते, चढतानाही आणि उतरतानाही. पहिले काही आठवडे फक्त खालच्या दोन-तीन पायऱ्या वापराव्यात. चढणे रांगत, उतरणे पोटावर आणि पाय आधी. मुलाच्या हातात खेळणे नसावे. मूल कितीही तरबेज झाले तरी फाटक काढण्याची घाई करू नये, कारण झोपेतून उठलेले मूल शिकलेले सगळे विसरून चालू लागते.

## टप्पा ८: मैदानातील साधने

साधनावर चढू देण्यापूर्वी मोठ्यांनी एक फेरी मारावी. खाली काँक्रीट, डांबर किंवा नुसते टणक गवत असेल तर ते साधन वापरू नये. वाळूचा किंवा लाकडाच्या चुऱ्याचा थर सुमारे ३० सेंटीमीटर जाड असावा, आणि साधनाभोवती सर्व बाजूंनी सुमारे १.८ मीटर जागा मोकळी असावी. घसरगुंडीला तळहाताची मागची बाजू काही सेकंद लावून पाहावी. उन्हात तापलेल्या पत्र्यानेच नव्हे, तर प्लॅस्टिकनेही मुलाची कातडी भाजते.

फटींकडे विशेष लक्ष द्यावे. सुमारे ९ ते २३ सेंटीमीटर रुंदीच्या फटीतून मुलाचे धड बाहेर जाते आणि डोके अडकते. याच कारणाने सायकलचे हेल्मेट साधनावर चढण्यापूर्वी काढावे. हेल्मेटमुळे डोके आणखी मोठे होते आणि पट्टा गळ्याला आवळतो.

सावधान: मुलाला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून येऊ नये. मुलाचा पाय कडेला अडकतो, मोठ्यांचे वजन मात्र खाली जात राहते आणि नडगीचे हाड मोडते. प्रेमाने केलेल्या या गोष्टीमुळे होणारी दुखापत पालकांना सर्वांत जास्त लागून राहते, म्हणून ती मुद्दाम सांगावीशी वाटते. मूल एकटे घसरण्याएवढे मोठे नसेल तर त्याने अजून थांबावे.

## टप्पा ९: मूल पडल्यास

आधी जागीच पाहावे. मूल हालचाल करत नसेल, शुद्धीवर नसेल किंवा मानेला मार बसल्याची शंका असेल, तर त्याला न हलवता रुग्णवाहिका बोलवावी. मूल लगेच रडले, हातपाय हलवले आणि थोड्या वेळात शांत झाले, तर टेंगळावर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे हलका धरावा.

पुढील काही दिसल्यास वाट न पाहता रुग्णालयात न्यावे: थोडा वेळही शुद्ध हरपणे, वारंवार उलटी, झटके, न थांबणारे रडणे, नेहमीपेक्षा वेगळी गुंगी, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्राव वा रक्त, लहानमोठ्या दिसणाऱ्या बाहुल्या, कपाळाखेरीज डोक्यावर इतरत्र मऊ सूज, हात किंवा पाय न वापरणे. दोन वर्षांखालील मूल ९० सेंटीमीटरपेक्षा जास्त उंचीवरून पडले असेल, तर ते बरे दिसत असले तरी डॉक्टरांना दाखवावे. डोक्याला मार लागलेल्या मुलाने नेहमीच्या वेळी झोपायला हरकत नाही. पहिल्या रात्री मात्र अधूनमधून त्याला हलवून, ते नेहमीसारखे प्रतिसाद देते का ते पाहावे.

मार किरकोळ असेल तर मूल झोपल्यावर त्या जागी जाऊन बसावे आणि नेमके काय घडले ते शोधावे. चटई सरकली का, मोजे पायात होते का, कोणी मागून हाक मारली का, खुर्ची जागची हलवली होती का? जे सापडेल ते त्याच दिवशी दुरुस्त करावे. दुसऱ्या दिवशी मूल त्याच ठिकाणी पुन्हा गेले तर अडवू नये. त्याला सर्वांत खालच्या पायरीपासून, पाय आधी टाकून उतरण्यानेच सुरुवात करू द्यावी.